गाडी चार इंच उचलली

मले कोनी गाडी शिकवलेली आवडत नाई. वीस वर्सं झाली स्टेरिंग धरून. म्हनून आधीच सांगतो, जे झालं ते मले गाडी येत नव्हती म्हनून नाई झालं. माह्या तोंडानं झालं.

साल त्र्याऐंशी. गडचिरोलीचा नवा जिल्हा होऊन वर्सही झालं नव्हतं, आनि आलापल्लीच्या पल्याड जंगलातल्या आमच्या ढिवराच्या गावाले पूल काही मिळाला नव्हता. तलावाची मच्छी धरनाऱ्या आमच्या सोसायटीनं एक जुनी पिकअप जीप घेतली होती. मी तिचा ड्रायवर, शालिकराम. दर बुधवारी मच्छी भरायची, विकनाऱ्या बाया बसवायच्या, आलापल्लीचा बाजार करायचा आनि दिवस असता वापस यायचं. मधात नाला. नाल्यात गोटे, पल्याड सागाची खुंटं. गाडीचं पोट असं घासे का माह्याच पोटात दुखे.

सोसायटीचे अध्यक्ष बापूराव सभेत म्हनले, "गाडी उंच करता येते म्हनते. पन खर्च दोन हजाराचा हाय."

मी उठलो. "कोन म्हनते दोन हजार? पाचशेत करून देतो. गाडी हाय, हत्ती नाई."

लोक हासले, बापूराव खाली बसले, मले लय बरं वाटलं. आमच्याकडं बंडी चिखलातून न्यायची असली का आखावर तिवसाच्या लाकडाचे ठोकळे बसवते, बंडी वर उचलते. माह्या बापानं अशा किती बंड्या उचलल्या त्याचा हिशेब नाई. मीनं तेच डोक्यात धरलं. बंडीले ब्रेक नसते, हे काही ध्यानात आलं नाई.

तिवसाचे ठोकळे घरूनच कोरून नेले. आलापल्लीचा जंगू मिस्त्री मोजकं बोलते. त्यानं ठोकळे हातात घेऊन पाह्यले, मंग बोटावर मोजून दाखवलं. मागं एक्सल आनि स्प्रिंगच्या पाट्याच्या मधात हे ठोकळे, त्याले लांब यू-बोल्ट, समोर एकेक पाटा जास्तीचा, मजुरी धरून चारशे ऐंशी. शॉकअप चारही आखूड पडते, ते सहाशे. शाफ्ट तिरपा होते, त्याचा जोड, म्हंजे क्रॉस, साल-सहा महिन्यात खाऊन टाकन, ते अलग. आनि ब्रेकचा रबरी पाइप.

"पाइपाले काय झालं?" मी म्हनलो.

त्यानं रिकामी गाडी जॅकवर घेऊन दाखवलं. चाक लटकलं, तसा चेसिसपासून एक्सलपर्यंतचा तो हातभर पाइप तनला. जंगूनं बोटानं छेडला त वाजला. "हा एकच पाइप हाय, शालिकभाऊ. मागचा तुटला का समोरचाही ब्रेक जाते, सारं तेल इथूनच निघून जाते. गाडी भरली असली का पाटे बसते, पाइप ढिला राह्यते. रिकामी गाडी खड्ड्यात उतरली का गेला. लांब पाइप नागपूरवरून आनावा लागन. आठ दिवस, पासष्ट रुपये."

"आन मंग."

"तवर पाच-सहा पोते रेती मागं टाकून ठेव. काढू नको बरं."

चारशे ऐंशीचंच काम करून गाडी घेऊन गावात आलो त पोरंसोरं मागं धावली. बाया म्हनल्या, आता चढाले पाट मांडा लागते. खुंटावरून गाडी अशी गेली जशी खुंटं नव्हतीच. वळनावर मात्र ती कलंडे, चाळीसच्या वर शाफ्ट गुरगुरे, आनि उतारावर पयला गिअर आपोआप उडे, डाव्या हातानं दांडी दाबून धरा लागे. हँडब्रेक त आधीपासूनच शोभेचा होता. मी कोनाले काही बोललो नाई. पाचशेत करतो म्हनलो होतो ना. आठ दिवसांनी जंगूकडं गेलो नाई. पासष्ट रुपयासाठी बापूरावाच्या दारात जाऊन उभं राहू? आनि रेती होतीच मागं. बायाइनं विचारलं, "भाऊ, हे पोते कायचे?" त सांगून देल्लं, तलावाच्या पाळीले लावाले. बंद झाला विषय.

असे तीन हप्ते गेले. पाइप रोज सकाळी वाकून पाहो. पयल्या हप्त्यात काही नाई. दुसऱ्यात बारीक चीर. तिसऱ्यात ती चीर नखानं उघडे. जेवताना मले ते रबर दिसे. बायको कुंता विचारे, "तुमाले काय झालं? भात तसाच हाय." मी तिच्यावरच खेकसो.

त्या बुधवारी बाजार चांगला झाला. मच्छी सारी गेली, टोपले रिकामे. अकरा बाया मागं, त्याईच्यात कुंता. नाल्यात पानी जास्त नव्हतं, पन चढाच्या तोंडाशी मागचं चाक चिखलात रुतलं. मी रेस देऊन राह्यलो, चाक फिरून राह्यलं. मागं बायाइची काही गडबड चालली होती, मले वाटलं ढकलून राह्यल्या. एकदम चाकाले धर सापडला आनि गाडी हिसका देऊन वर आली.

बाया हासत हासत वर चढल्या. ठमाबाई साऱ्यांत वयस्क, जिभेची तिखट. ती म्हनली, "पाय शालिक, तुह्यापेक्षा आमाले जास्त समजते. रेतीचे पोते चाकाखाली टाकून देल्ले. सहाच्या सहा."

मी उतरून पाह्यलो. पोते फाटले होते, रेती चिखलात मिसळून गेली होती.

"काऊन टाकले?" मी ओरडलो.

"अजी, रेतीच त होती. पाळीले उद्या दुसरी आनू." कुंता म्हनली. तिचं काय चुकलं? मीच सांगितलं होतं पाळीचं.

गाडी चढून वर आनली. समोर दोन फर्लांगाचा उतार होता, मधात पान्यानं कापलेल्या दोन घळी, आनि तळाशी वळन. वळनाच्या त्या बाजूले खोल दरी. मी वरच गाडी थांबवली. इंजन चालू, पाय ब्रेकवर.

आता पाहा, कसा अडकलो होतो. अकरा बाया म्हंजे पाच क्विंटल वजन. त्या बसून राह्यल्या त पाटे बसलेले, पाइप ढिला, ब्रेक टिकन. पन नाई टिकला त अकरा जनी दरीत. त्याईले उतरवलं त गाडी हलकी, वर उठन, घळीत चाक लटकलं का पाइप नक्की जाईन, पन गाडीत मी एकटा. माह्या बायकोले मी वजन म्हनून मोजून राह्यलो होतो. मले माहीच लाज वाटली.

तिसरा रस्ताही होता. दगड भरायचे. उतरलो, दोन मोठे गोटे उचलून मागं टाकले.

"हे कायले?" ठमाबाई म्हनली.

"पाळीले."

"उद्या नेजो ना बाबा. घरी लेकरं उपाशी हाय, आनि ह्याले पाळ सुचली."

साऱ्या हासल्या. तेव्हाच सांगायचं होतं. "पाइप तुटाले आला, सगळ्या मिळून दगड भरा," एवढे शब्द. अकरा जनीनं दहा मिनिटात गाडी भरली असती. पन मंग त्याईनं विचारलं असतं, पाइप काऊन नाई बदलला. गावात सांगितलं असतं. बापूराव सभेत माह्याकडं पाहून काही बोलले नसते, नुसते पाहत राह्यले असते. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी तोंड बंद ठेवलं.

"उतरा साऱ्या," मी म्हनलो. "इंजन तापलं. तुमी पायी समोर व्हा, मी मागून हळूहळू आनतो."

कुरकुर करत उतरल्या, टोपले डोक्यावर घेतले, चालाले लागल्या. कुंतानं एकदा मागं वळून पाह्यलं. मी मान फिरवली. त्या वळनाच्या पल्याड दिसेनाशा होईपर्यंत थांबलो, आनि गाडी सोडली.

पयली घळ. पयला गिअर, दांडी दाबून धरलेली, ब्रेक हळूच. पाय टेकला, गाडी थांबल्यासारखी झाली. पार झाली. मले हिंमत आली. दुसरी घळ खोल होती. उजवं चाक आत लटकलं, गाडीचा मागचा भाग हवेत गेल्यासारखा झाला, आनि मले बारीक आवाज आला, कपडा फाटते तसा. मी ब्रेक दाबला. पाय खालच्या पत्र्याले जाऊन लागला. पायाखाली काहीच नव्हतं. त्याच हिसक्यात गिअर उडाला.

मोकळी गाडी उतारावर काय धावते, ते मले त्या दिवशी समजलं. दांडी घुसवतो त दात कराकरा वाजे, बसे नाई. वळन आलं. मीनं कसंबसं घेतलं, गाडी एका बाजूच्या चाकावर कलंडली आनि परत पडली. आनि समोर साऱ्या बाया. सावली पाहून मधात रस्त्यावर बसल्या होत्या, माही वाट पाहत. मी हॉर्न दाबून धरला. त्याईले वाटलं, आलो म्हनून सांगून राह्यलो. उठल्या, टोपले उचलले, बसाले तयार होऊन रस्त्यावरच उभ्या राह्यल्या. कुंता साऱ्यात समोर होती.

मी स्टेरिंग डाव्या अंगाले मोडलं. तिकडं बांबूचं बेट होतं. जुन्या उंचीची गाडी असती त घुसून थांबली असती. ही चार इंच उचललेली, बेटाले लागली तशी आडवी झाली. काच फुटली, माह्या डोक्यावर काही आदळलं, आनि मंग बांबू कडकड मोडत राह्यले, लय वेळ.

बायाइनं मले वरच्या दारातून ओढून काढलं. हात-पाय शाबूत होते. कपाळ फुटलं होतं. मले बसवलं, पानी पाजलं. कोनी रडत होतं. ठमाबाई पदरानं रगत पुसे आनि बोले, "इंजन तापलं म्हने. ह्याले आधीच काही समजलं असन बाई. आमाले उतरवलं आनि सोता एकटा बसला. असं कोन करते? गावात जाऊन सांगन मी, शालिकनं आमाले वाचवलं." बाकीच्याही माना हालवून राह्यल्या होत्या. खरं सांगू, मले ते आयकाले गोड लागून राह्यलं होतं.

कुंता तेवढी माह्यासमोर येऊन बसली.

"गाडी बिघडली हाय हे तुमाले मालूम होतं ना?"

मी हो म्हनलो. तिच्यासमोर खोटं निघालंच नाई.

"आता मालूम झालं का आधीपासून?"

"तीन हप्ते."

ती हळू आवाजात म्हनली, "मागच्या बुधवारी आपल्या लहान पोरीले ताप होता. तिले दवाखान्यातून आनताना मी मांडीवर घेऊन मागंच बसली होती. तुमीच हात देऊन चढवलं."

"तवा रेती होती," मी म्हनलो.

तिनं माह्याकडं असं पाह्यलं का मीनं डोळे खाली केले. मंग ती बायाइकडं वळली आनि साऱ्याईले आयकू जाईन अशी म्हनली, "ह्याईले तीन हप्त्यापासून मालूम होतं."

ठमाबाईचा हात माह्या कपाळावरच होता. तो थांबला.