साडेचार इंच

लेकीकडे आलेला गवंडी सकाळपासून चार वेळा उठला आणि चार वेळा बसला. समोरचा चहा निवून गेला होता. त्याचा जीव खिडकीबाहेर, तळ्याकडच्या उतारावर टांगलेला होता. तिथे जावई नांगरत होता आणि ट्रॅक्टरच्या सीटमागे असायला हवी ती लोखंडी कमान जागेवर नव्हती.

ती शेडमागे पडली होती. लेकीने तिच्यावर दोन चादरी वाळत घातल्या होत्या.

"ट्रॅक्टर उलटला तर माणूस खाली चिरडला जाऊ नये म्हणून ती कमान असते," गवंडी पुटपुटला, "आणि हे शहाणे तिच्यावर धुणं वाळवतात!"

पण तो नुसता पुटपुटलाच. जावयाला तोंडावर बोलायची सोय नव्हती. माणूस इतका अदबीचा, की भांडायला निमित्तच देत नसे. त्यापेक्षा एखादा भांडखोर जावई परवडला.

"का काढली ग कमान?"

लेक भांडी जरा जोरात घासू लागली. "ह्यांनाच विचारा ना, बाबा."

"पट्टा तरी बांधतात का?"

"कमान नसताना पट्टा बांधायचा नसतो म्हणे. तशीच वेळ आली तर उडी मारता येईल म्हणतात."

"उडी! उलटायला किती वेळ लागतो माहीत आहे? 'अगं आई' म्हणायलासुद्धा पुरत नाही."

लेकीचे हात थांबले. हे तिला माहीत होतं. रोज उतारावरचा आवाज जरा बदलला, की तीही कान टवकारत होती.

गवंड्याला घरात बसवेना. आपलं काम पाहिलं की त्याचं डोकं शांत होई, म्हणून तो शेडकडे गेला. गेल्या वर्षी त्यानेच ती बांधली होती. भिंती ओळंब्यात, कोपरे काटकोनात, दारावर लोखंडी तुळई, तिच्यावर विटांचे तीन थर आणि मग पत्रा. त्याने समाधानाने मान वर केली, आणि ती तशीच राहिली. तुळईच्या खालच्या कडेला लाल रंगाचे ओरखडे होते. कमानही लालच होती.

खिशातला टेप काढून त्याने दार मोजलं. मग कमानीसकट ट्रॅक्टरची जी उंची त्याने तेव्हा धरली होती, ती आठवली. पुन्हा मोजलं. चार इंच कमी!

मग त्याला सगळं आठवलं. दाराचं माप त्याने कच्च्या जमिनीवरून घेतलं होतं. दार झालं, तुळई बसली आणि शेवटी त्याने आत कोबा घातला. कोब्याने जमीन वर उचलली आणि दाराची उंची खाल्ली. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरानेही करू नये अशी चूक चाळीस वर्षं थापी धरलेल्या माणसाने केली होती. कमान आत जात नव्हती, म्हणून जावयाने कमान काढली होती आणि तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

गवंडी तडक उताराकडे निघाला. ट्रॅक्टर वळत होता. वरच्या बाजूचं मोठं चाक क्षणभर हलकं झालं, मातीपासून सुटल्यासारखं, आणि पुन्हा टेकलं. म्हातारा दोन्ही हात हलवत धावला.

"जावईबापू, थांबा! दार चुकलंय माझं. म्हणून काढलीत ना कमान?"

जावयाने लगेच इंजिन बंद केलं आणि तो अदबीने हसला. "छे हो मामा! दार अगदी झकास आहे. कमानच जरा आवाज करायची. तुम्ही उन्हात कशाला आलात? एवढं वळण घेतो आणि येतोच जेवायला."

आणि त्याने पुन्हा चावी फिरवली.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. हा माणूस सासऱ्याचं मन राखता राखता मरेल, आणि मरतानाही 'माफ करा मामा' म्हणेल, हे गवंड्याला लख्ख दिसलं. आता बोलून काही होणार नव्हतं.

तो मागे फिरला. पिशवीतून हातोडा आणि छिन्नी काढली, शिडी लावली, आणि तुळई वर घेण्यासाठी आपल्याच हाताने रचलेल्या विटांवर पहिला घाव घातला. सांधा पक्का होता. स्वतःच्या पक्क्या कामाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला. लेक ओल्या हातांनी धावत बाहेर आली, पण त्याला अडवायला काही पुढे आली नाही.

दुसरा थर सुटेपर्यंत जावई ट्रॅक्टर सपाटीला लावून धापा टाकत आला. "मामा! अहो, चांगलं दार!"

"चांगलं आहे तर तुळईला ओरखडे कुणी काढले? मांजराने?"

जावयाने पुढे होऊन शिडी धरली.

"बोला. चार इंच कमी आहे की नाही?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. मग त्याने खाली पडलेल्या विटांकडे पाहिलं.

"साडेचार," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच दिवशी मोजलं होतं."

गवंड्याला ते झोंबलं. चाळीस वर्षांत असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तरीही सकाळपासूनची छातीतली धडधड तेव्हाच कुठे जराशी बसली.

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही महिनाभर उन्हात राबून बांधलंत. कसं सांगणार?"

"असं सांगायचं: 'मामा, तुम्ही चुकलात.' म्हणा. म्हटल्याशिवाय मी शिडीवरून उतरत नाही."

जावयाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मामा... तुम्ही चुकलात."

"हां." गवंड्याने विटांच्या धुळीला दोन शिव्या घातल्या आणि बाहीने डोळे पुसले. "आता पाना आणा. कमान बसेपर्यंत ट्रॅक्टर जागचा हलणार नाही."