सात टॅपरूम आणि आक्काचं नाक

बिअरचं गाइड लिहिणाऱ्या माणसाचं नाकच गेलं तर त्याने काय करावं? सरळमार्गी माणूस गपगुमान घरी बसेल. नाकवाले घरी बसले नाहीत. त्यांनी थोरल्या बहिणीला सोबत घेतलं आणि बोटीत बसले.

नाकवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तीस वर्षांपूर्वी एका टॅपरूममध्ये, म्हणजे पिंपातली बिअर नळीने थेट ग्लासात देणाऱ्या जागी, ग्लासाला तोंडही न लावता ते मालकाला म्हणाले होते, "तुमची नळी पंधरा दिवस धुतलेली नाही." मालक तावातावाने नळी उघडून दाखवायला गेला आणि सगळ्यांदेखत तोंडघशी पडला. तेव्हापासून प्रकाशक बाईंच्या कचेरीत त्यांना हेच नाव पडलं, पुढे पुस्तकांवरही तेच छापलं जाऊ लागलं. आणि दीड वर्षापूर्वी एक फालतू ताप आला. आठ दिवसांनी तो गेला, तो वास घेण्याची ताकद सोबत घेऊनच. जिभेला कडू-गोड कळायचं, पण गुलाबाचं फूल आणि पायातला मोजा यांत नाकवाल्यांना आता फरक उरला नव्हता.

ही गोष्ट जगात फक्त आक्काला ठाऊक होती. बाहेर फुटली असती तर तीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत गेलं असतं. लग्न करायचं राहून गेलेलं, घर भाड्याचं, दोस्त म्हणावेत तर सगळे बारवाले. नाव सोडलं तर या माणसापाशी दुसरं होतं तरी काय? म्हणून ते या एकाच गोष्टीला जीवापाड जपत होते.

आक्का पासष्टीची. बिअरच काय, चहासुद्धा फिका पिणारी. पण नाक असं की दूध उद्या नासणार हे आज सांगायची, आणि जिन्यावरून कोण चढतंय ते त्याच्या साबणावरून ओळखायची. कामाची पद्धत दोघांनी ठरवूनच टाकली होती. नाकवाले ग्लास उचलणार, डोळे मिटणार, एक घोट घेऊन "हं!" म्हणणार. मग "बघ गं, बरोबर गार आहे ना?" म्हणत ग्लास आक्काकडे सरकवणार. आक्का हुंगणार आणि रस्त्यावर आल्यावर सांगणार. ती म्हणाली, "ओलं गोणपाट," की हे लिहिणार, "पहिल्या घोटातच मातीची गूढ हाक." ती म्हणाली, "इस्त्रीखाली करपलेला शर्ट," की हे लिहिणार, "भाजलेल्या धान्याची ऊब." अशी तीन गाइडं निघाली आणि तिन्ही हातोहात खपली. वाचक म्हणाले, नाकवाले आता पूर्वीपेक्षाही खोल उतरलेत.

तर हे बेट. नारळाची झाडं, मीठ खाऊन गंजलेली कुलुपं, भर दुपारी रस्त्याच्या मधोमध झोपलेली कुत्री आणि एवढ्याशा जागेत सात टॅपरूम. गाइडवाला कोणाला न सांगता-सवरता येतो हा या धंद्याचा नियम. पण हे दोघं धक्क्यावर पाय ठेवायच्या आत बोटीच्या तिकीटवाल्याने सातही ठिकाणी वर्दी दिली होती.

पहिली टॅपरूम जुन्या बर्फाच्या कारखान्यात. मालक म्हणजे पूर्वीचा बर्फवाला. "आमच्या आजोबांची गुपित कृती आहे," तो छाती फुगवून म्हणाला. नाकवाल्यांनी "हं!" केलं, आक्काने हुंगलं. बाहेर आल्यावर तिचा चेहराच खुलला होता.

"छान आहे रे बाळ्या! नखाने संत्रं सोलल्यावर सालीचा रस उडतो ना, तस्सं. आणि मागून नव्या पेन्सिलीला टोक केल्याचा वास."

नाकवाल्यांनी तिथेच कठड्यावर वही टेकून मजकूर लिहिला, फोनवरून प्रकाशक बाईंना धाडला आणि पुढे निघाले.

दुसरी टॅपरूम होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये. होडीवाल्याने बिअर मातीच्या मगात दिली. म्हणाला, "ही आम्ही समुद्राच्या वाऱ्यावर मुरवतो." आक्का बाहेर येऊन म्हणाली, "संत्रं आणि पेन्सिल."

"अगं, ते मघाचं."

"मघाचंही तेच आणि आत्ताचंही तेच."

तिसरीकडे, न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत, निळ्या काचेचा ग्लास आला. तो न्हावी गळ्याची शपथ घेऊन सांगत होता की ही बिअर फक्त साठवलेल्या पावसाच्या पाण्याची. आक्काने हुंगलं, ग्लास ठेवला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "पेन्सिल."

आता मात्र नाकवाल्यांचं टाळकं सरकलं. तीन मालक, तीन कृती, बिअरची तीन नावं, आणि वास एकच? त्यांच्या जिभेलाही तिन्हीकडे कडवटपणा सारखाच लागला होता, नाही असं नाही. पण आपल्या जिभेवरचा त्यांचा विश्वास कधीच उडाला होता. रस्त्यावर आल्याबरोबर ते म्हणाले, "आक्का, खाऱ्या वाऱ्याने तुझं नाक बसलं."

"माझं? माझं नाक बसलं?" आक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "चोराच्या उलट्या बोंबा! दीड वर्ष माझ्या नाकावर जेवतोयस आणि मलाच शिकवतोस होय रे?"

"हळू बोल! लोक ऐकतील."

"ऐकू देत. पुढे तूच हुंग आणि तूच लिही. मी फक्त पिशवी धरीन."

आणि खरंच, पुढे तिने पिशवीच धरली. आक्काचा अबोला म्हणजे भिंतीशी गाठ, लहानपणापासूनचा अनुभव. चौथी, पाचवी, सहावी टॅपरूम नाकवाल्यांनी एकट्याने उरकली. एकीची बिअर "मध्यरात्रीच्या बागेसारखी गहन" निघाली, दुसरीत "तरुणपणीचा उद्धटपणा" सापडला, तिसरीला त्यांनी "पोक्त" म्हटलं. सगळं मनचं. प्रत्येक वेळी बाहेर पडताना आक्का आकाशाकडे बघून एकच शब्द बोलायची, "पेन्सिल," आणि छत्री उघडायची. नाकवाले काळजावर दगड ठेवून मजकूर धाडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरली सातवी. ही टॅपरूम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या मास्तरीणबाईंच्या घरातली पुढची खोली. बसायला शाळेचेच जुने बाक, भिंतीवर फळा आणि फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: आज काही नाही.

"काही नाही म्हणजे?" नाकवाल्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणजे काही नाही," मास्तरीणबाई ओला हात पदराला पुसत म्हणाल्या. "पिंप कोरडं आहे. नवी बिअर तयार व्हायला तीन आठवडे."

"आमची बोट दुपारी आहे."

"मग काय करणार? चहा टाकते."

आक्का मात्र तोवर कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंपाशी जाऊन ओणवी झाली होती. कालपासूनचा अबोला विसरून ती ओरडली, "बाळ्या! इकडे ये! त्या संत्र्या-पेन्सिलीचं घर सापडलं!"

मास्तरीणबाईंनी आधी कपाळावर हात मारला आणि मग सगळं सांगून टाकलं. बेटावरचे ते सहाही मालक त्यांचे विद्यार्थी. बर्फवाला पहिल्या बाकावरचा, न्हावी शेवटच्या. गाइडवाला येतोय म्हटल्यावर एकेक करून सहाही जण मागच्या दाराने आले. चारचौघांत मास्तरीणबाईंच्या बिअरला नाकं मुरडणारे हेच ते. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "बाई, माझी यंदा जरा बिघडलीय. फक्त पाहुण्यापुरतं एक पिंप द्या. कोणाला सांगू नका." कच्च्या पोराला मदत नाकारायची नाही, हा बाईंचा नोकरीभरचा नेम. दिलं. सहाव्याला देताना लक्षात आलं की आपल्याकडे थेंब उरला नाही.

"पस्तीस वर्षं सांगत होते, कॉपी करू नका," त्या हसत म्हणाल्या. "मेल्यांनी केलीच. बरं, ते जाऊ द्या. माझ्या बिअरबद्दल लिहिलंत काय ते तरी वाचून दाखवा."

नाकवाल्यांनी फोन उघडला. वाचणं भाग होतं. "आजोबांच्या गुपिताचा संत्रगंध," ते पुटपुटले. मग समुद्राचा खारा उसासा झाला, पावसाची निळी आठवण झाली. मध्यरात्रीची बाग आली तेव्हा मास्तरीणबाईंनी चष्मा पुसायला घेतला. तरुणपणीच्या उद्धटपणाला आक्का खोकली. पोक्त आलं आणि नाकवाल्यांनी फोन बाकावर पालथा ठेवला.

"आणि सातवीत काय लिहिणार?" बाईंनी विचारलं.

"जे ग्लासात आलं नाही ते पुस्तकात येत नाही," नाकवाले खाली मान घालून म्हणाले. "माझा नियम आहे."

"म्हणजे माझीच बिअर सहा जणांच्या नावाने छापून येणार आणि मी कुठेच नाही." हे म्हणताना बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नाकवाल्यांकडे असं पाहिलं की त्यांना आपली बेरीज चुकल्यासारखं वाटलं. "एक सांगा. तुमच्या नाकाची कीर्ती या बेटावरही आहे. सहा वेळा एकच बिअर समोर आली आणि तुम्हाला कळलं नाही?"

तेवढ्यात आक्का मध्ये पडली. "कळलं होतं हो त्याला! पहिल्याच घोटाला कळलं. मीच म्हटलं, जाऊ दे, कशाला बिचाऱ्यांची फजिती करायची. माझीच चूक."

आक्का खोटं बोलत होती. शेजारणीला उसनी साखर नाकारतानासुद्धा जिला खोटं जमत नसे, ती बाई परक्या घरात, परक्या माणसासमोर, कान लाल करून धडधडीत खोटं बोलत होती. आणि कालच आपण हिला भर रस्त्यात म्हणालो की तुझं नाक बसलं. नाकवाल्यांना स्वतःची अशी लाज वाटली की आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"नाही बाई," ते म्हणाले. "मला काही कळलं नाही. मला वासच येत नाही. दीड वर्ष झालं. जे खरं होतं ते हिने ओळखलं, आणि वर हिलाच मी गप्प बसवलं."

बोलून झालं. छत कोसळलं नाही, बाहेरचं कुत्रंही जागं झालं नाही. मास्तरीणबाई एवढंच म्हणाल्या, "हेच आता जिथे सांगायचं तिथे सांगा."

नाकवाल्यांनी तिथेच बाकावर बसून प्रकाशक बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून त्यांचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा खणखणीत.

"छपाई थांबवते. पण नाकवाले, तुमचं नाव आता मी कोणत्या तोंडाने छापू?"

"छापू नका," ते म्हणाले. "पण पुस्तक काढा. शेवटची तिन्ही गाइडं जिच्या नाकाने लिहिली तिचं नाव घाला."

"माझं?" आक्का दचकली. "बिअरच्या पुस्तकावर? लोक काय म्हणतील? धाकट्या जाऊबाई तर पेढेच वाटतील!"

"आक्का, तू नाही म्हणालीस तर या बाई कुठेच येणार नाहीत."

आक्काने एकदा कोरड्या पिंपाकडे पाहिलं, एकदा मास्तरीणबाईंकडे. मग तिने भावाच्या हातातून फोन ओढून घेतला. "मी लिहीन. पण उसासे आणि बागा-बिगा माझ्याच्याने व्हायच्या नाहीत. संत्र्याला मी संत्रंच म्हणणार. चालेल?"

"धावेल," प्रकाशक बाई म्हणाल्या.

फोन ठेवून आक्का बाकावर ऐसपैस बसली आणि तिने पिशवीतून भावाची वही काढून त्याच्यापुढे टाकली. "माझं अक्षर वाईट. मी सांगते, तू उतरून घे. एक शब्द बदलायचा नाही."

नाकवाल्यांनी पेन उघडलं.

"लिही. या बेटावर एकच बिअर आहे, आणि ती बाईंच्या पुढच्या खोलीत मिळते. बाकी सहा ठिकाणी जाऊन काय खरं ते विचारा. लिहिलंस? आता त्याच्याही वर, अगदी पहिल्या ओळीत लिही. माझा भाऊ हुशार आहे, पण त्याला वास येत नाही."

पेन थांबलं. दीड वर्ष जे वाक्य त्यांनी रात्रंदिवस लपवून ठेवलं होतं, ते आता हजारो लोक पहिल्याच ओळीत वाचणार होते, आणि तेही त्यांच्याच हातून उतरलेलं. त्यांनी अक्षर न् अक्षर नीट काढत ती ओळ लिहिली. मग वही आक्कापुढे धरली.

आक्काने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"'हुशार' खोडून टाक," ती म्हणाली. "ते लोकांचं लोक ठरवतील."