काट्याची तपासणी

वजनमाप खात्यात माझी तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. मापात पाप करणारा माणूस मी दारातूनच ओळखतो, असं मला वाटतं. बायकोला वाटत नाही. तिच्या कॅन्सरवर या परक्या देशात आपल्याकडच्या निम्म्या खर्चात उपचार होतात, हे कळलं तेव्हाच मी म्हणालो होतो, कुठेतरी पाणी मुरतंय. पण दुसरा मार्ग नव्हता, म्हणून आलो.

इथली लिपी मला कळत नाही, आकडे मात्र कळतात. पहिल्या तिन्ही वेळा औषधाच्या पिशवीवर नव्वद लिहिलं होतं. चौथ्या खेपेला नर्सने पिशवी अडकवली, तर त्यावर ऐंशी.

"थांबा!" मी नळीच धरली. "वरचे दहा कुठे गेले?"

नर्स गोंधळून हसली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"अहो, सोडा ती नळी," बायको म्हणाली. "इथेही सील ठोकणार आहात का?"

"तू गप्प बस. तुझ्याच जिवाशी खेळ चाललाय."

नर्स मोबाइलमध्ये काहीतरी बोलली. मोबाइल आपल्या भाषेत म्हणाला, "रुग्णाचे वजन कमी झाले आहे. म्हणून औषध कमी केले आहे."

वजन! आणि हे मला सांगतात!

"तुमचा काटाच खोटा आहे," मी ठणकावलं.

काटा खोलीतच होता. मी वाकून त्याचे चारही पाय तपासले, खालची फरशी चाचपली. स्वतः उभा राहिलो: अडुसष्ट. मग पाण्याच्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या हातात घेतल्या: सत्तर. मध्ये उभा राहिलो, कडेला राहिलो, सत्तरच.

"आता हिला घ्या."

बायकोने एकावर एक घातलेले दोन्ही स्वेटर काढले. थंडी वाजते म्हणून ती ते दिवसभर घालायची, मीही कधी काही विचारलं नव्हतं. ती काट्यावर चढली. आलो तेव्हा छप्पन्न होती. आता चव्वेचाळीस.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"कपडे ढिले होतात, कळतं की हो," ती म्हणाली. "तुम्ही पिशव्या तपासण्यात गुंतला होतात."

मी नर्सकडे न बघताच बायकोला उतरायला सांगितलं, पुन्हा चढायला सांगितलं. ती निमूट चढली. मला भयंकर भीती वाटत होती. एखादा काटा खोटा निघावा म्हणून मी जन्मात पहिल्यांदाच देवाला विनवत होतो.

काटा खरा होता.