जसाच्या तसा आवाज

डोरीनने कानावरचे हेडफोन काढले आणि काचेपलीकडच्या रसेलला हातानेच थांबायला सांगितलं. ओळ पुन्हा तिथंच मोडली होती. ‘पूल वर गेला, तू पलीकडे’ या ध्रुवपदातल्या ‘वर’वर सूर उंच चढायचा, आणि तिथं पोचण्याआधीच तिचा आवाज खरखरून खाली बसत होता.

“पाणी पी,” रसेल स्पीकरमधून म्हणाला. “घाई नाही.”

“घाई नाही म्हणतोस आणि घड्याळाकडे बघतोस.”

तो हसला, पण उगाच. रेकॉर्ड कंपनीने त्याला हे ध्वनिमुद्रणाचं काम नेमून दिलं होतं. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या गाण्यांची सीडी निघायची होती, आणि त्यात डोरीन पावलुकचं जहाजाला वाट द्यायला वर उचलल्या जाणाऱ्या पुलाचं हे एकुलतं एक गाजलेलं गाणं हवंच होतं. मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्याच कंपनीकडे अडकलेलं; ते मिळेना. म्हणून गाणं नव्याने गाऊन घ्यायचं, मात्र ऐकणाऱ्याला फरक कळता कामा नये. ते जमलं, तर ती सीडी निघेल त्याच मंगळवारी डोरीनचा नवा अल्बमही दुकानांत जाणार होता. मधल्या काळात तिने कॅनडातल्या हॅमिल्टन गावच्या हॉटेलांतून आणि लग्नांतून गाऊन दिवस काढले होते. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम करायला कुणी तिला बोलावलं नव्हतं.

काचेपलीकडेच, रसेलच्या मागे भिंतीला टेकून तिची मुलगी लेस्या बसली होती. आईची गाडी दुरुस्तीला गेली होती म्हणून दातांच्या दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती आली होती. डोरीनने पुन्हा गायला सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. या वेळी तिने हेडफोन काढले नाहीत, नुसती मान खाली घातली.

लेस्या उठून आत गेली.

“आई, तू घाबरून आधीच श्वास कोंडतेस. तो सोड आणि मग चढ. हे बघ.”

आणि दाखवण्यापुरती ती ओळ तिने म्हटली. ‘वर’ सहज वर गेलं, तिथं क्षणभर रेंगाळलं आणि अलगद उतरलं.

मग स्पीकरमधून रसेलचा आवाज आला, “अगं ए, पुन्हा म्हण बघू.”

“मी नाही गात,” लेस्या म्हणाली.

खरंच गात नव्हती. शाळेत असताना गायची. चर्चच्या गायकवृंदातही पुढे उभी असायची. पण गाणं संपलं की जो तो येऊन एकच सांगायचा, अगदी आईसारखी गं, डोळे मिटले तर डोरीनच. एकदा नाताळच्या कार्यक्रमानंतर एका बाईंनी तिच्याकडून आईच्या नावाची सही मागितली. त्या वर्षापासून लेस्याने तोंड उघडलं ते दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणून सांगण्यापुरतंच.

रसेल काचेपलीकडून उठून दारात आला होता.

“डोरीन, तुझ्याच घरातला आवाज आहे. कुणाला कळणार? हे आपल्या तिघांत राहील. बाहेर फुटलं तर मात्र वरचे लोक माझ्यावर उखडतील आणि तुझा अल्बम मागे घेतील.”

“माझ्या नावावर लेकीचा आवाज विकू?” डोरीन म्हणाली.

“विकू कसलं, घरचंच आहे ते.”

“तू गप रे.”

लेस्याने आईकडे पाहिलं. डोरीन माइकच्या दांड्याला धरून उभी होती, गाडी निघून गेल्यावर माणूस बसस्टॉपच्या खांबाला धरून उभा राहावा तशी. नव्या अल्बमची गाणी तिने घरच्या स्वयंपाकघरात बसून रचली होती. बटाटे सोलताना ती खालच्या पट्टीत गुणगुणायची आणि लेस्या शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायची.

“दे ते हेडफोन,” लेस्या म्हणाली. “आणि माझं नाव कुठंही नको.”

गाणं झाल्यावर रसेलने ते मोठ्याने लावलं. डोरीन डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर ती म्हणाली, “छान झालं.” आणि बराच वेळ कोटाची बटणं लावत राहिली.

त्या मंगळवारी दोन्ही सीडी एकाच दुकानात, शेजारशेजारच्या फळ्यांवर लागल्या. आठवड्याच्या शेवटी गावातल्या पेपरात त्यांच्याबद्दल छापून आलं. जुन्या गाण्यात डोरीन पावलुकचा आवाज आजही तसाच टवटवीत आहे, असं लिहिणाऱ्याने लिहिलं होतं. मग नव्या अल्बममध्ये ती अशी थकल्यासारखी का गाते, हे कोडंच आहे. डोरीनने ते लेस्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

“मूर्ख आहे तो,” लेस्या म्हणाली.

“मूर्ख कसला? कान चांगलाय त्याचा.” डोरीनने पेपराची घडी घालून ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली. “कोडं घातलं आपण. तो बिचारा सोडवतोय.”

पुढच्या बुधवारी सकाळी डोरीनला रेडिओवर बोलावलं होतं. दवाखान्यात छतातल्या स्पीकरवर तेच स्टेशन दिवसभर चालू असायचं. लेस्या तेव्हा मिस्टर स्टेफानिक नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे दात साफ करत होती. ‘पूल वर गेला’ पूर्ण वाजलं. तिने मान वर केली नाही. गाणं संपल्यावर सूत्रसंचालक डेल खुशीत ओरडला, “ऐकलंत? पंचवीस वर्षं झाली आणि आवाज जसाच्या तसा! डोरीन, आता गुपित सांगूनच टाक. मध खातेस का?”

“गुपित म्हणजे,” डोरीन म्हणाली, “हा आवाज माझा नाही.”

लेस्याच्या हातातलं उपकरण थांबलं.

“माझ्या मुलीचा आहे. लेस्याचा. माझ्याच्याने तो सूर आता लागत नाही.”

डेल खदखदून हसला. “वा! क्या बात! म्हणजे तेव्हाची डोरीन ही आताच्या डोरीनची मुलगीच की!”

“तसं नाही, अरे. मी खरंच सांगतेय. आणि ती माझ्यासारखी गात नाही. सगळे म्हणायचे तसं, मीही म्हणायचे. त्या दिवशी नीट ऐकलं. मी ‘वर’ म्हणताना कायम भीत असे, जुन्या रेकॉर्डमध्येही ते ऐकू येतं. ती भीत नाही. मी तसं कधीच गायले नव्हते.”

“मंडळी, कविता आहे बाई म्हणजे!” डेल म्हणाला. “डोरीन पावलुक! दोन्ही सीडी दुकानांत आहेत. आता जरा रस्त्यांवर काय चाललंय ते बघू.”

महामार्गावर एक ट्रक आडवा झाला होता. मग गाद्यांच्या सेलची जाहिरात लागली. पलीकडच्या खोलीत डॉक्टरीणबाई कुणाला तरी अक्कलदाढेबद्दल समजावत होत्या. स्वागतकक्षातला फोन वाजला, कुणीतरी उचलला, आणि पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. कुणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं. रसेलचाही फोन येणार नव्हता. त्यानेही ऐकलं असेल, तर डेलसारखाच हसला असेल.

लेस्याने हातमोजे काढले, नवे घातले. एक बोट दोनदा चुकीच्या जागी गेलं.

मिस्टर स्टेफानिक छताकडे बघत पडले होते. गालात कापूस, ओठाला लाळेची नळी.

“ते गाणं,” लेस्या म्हणाली. “आत्ता लागलं होतं ना, ते मी म्हटलंय.”

“अं?”

“मी.”

त्यांनी भुवया उंचावल्या. एक बोट वर केलं, स्पीकरकडे दाखवलं, मग तेच बोट वळवून तिच्याकडे रोखलं.

“हो,” लेस्या म्हणाली. “आता तोंड जरा मोठं उघडा.”