दुसऱ्या भागातला हॉर्न

समीक्षकसाहेबांनी नाकाने कांदे सोलायला सुरुवात केली, तेव्हाच मी दादाला घेऊन उठायला हवं होतं. पण त्याला आग्रह करकरून आणलं होतं मीच. रविवारची दुपार, वाचनालयाचा वरचा हॉल, चाळीस खुर्च्या, त्यातल्या तीस भरलेल्या. विषय होता एकच सिंफनी आणि तिची दोन रेकॉर्डिंग्ज. सिंफनी आम्हा भावंडांची जीव की प्राण. जुन्या काळातली, मनात काही म्हणून दाबून न ठेवणारी. तिच्या दुसऱ्या भागात हॉर्नला, म्हणजे त्या गोल गुंडाळलेल्या पितळी वाद्याला, दीड मिनिट एकट्याला वाजवायला मिळतं. बाकीचे ऐंशी जण तेवढा वेळ जवळजवळ गप्प.

दादा आमच्या शहराच्या ऑर्केस्ट्रात होता. दुसरा हॉर्न. सगळा मान पहिल्याचा, आणि दुसऱ्याने फक्त त्याला टेकू द्यायचा. तीस वर्षांपूर्वी एक दिवस त्याने हॉर्न पेटीत ठेवला तो ठेवलाच. पुढचा दात हलतो, फुंकर धरत नाही, म्हणाला, आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला. मी तेव्हा रेकॉर्डिंग स्टुडिओत टेप कापून जोडायचं काम करायचे.

साहेबांनी आधी आमच्याच ऑर्केस्ट्राची ती गाजलेली रेकॉर्ड लावली. कव्हरवर पहिल्या हॉर्नवाल्याचा फोटो, छाती पुढे काढलेला. "असा हॉर्न शतकातून एकदा ऐकायला मिळतो," साहेब डोळे मिटून म्हणाले. "याला म्हणतात अंतःकरण!"

मग दुसरं. रेडिओवरच्या एका मैफलीचं, पहिला आजारी असताना त्याच्या जागी दादाने वाजवलेलं. साहेबांनी अर्ध्यातच बंद केलं. "हा कोण होता कोण जाणे. सूर लागतायत, पण त्यांचं करायचं काय, ते याच्या गावीही नाही. याला चूक म्हणत नाहीत हो, ही कुवतच नाही."

लोक हसले. दादा चष्मा काढून रुमालाने पुसत बसला. स्वच्छच होता तो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, दोन्हीकडे हॉर्न एकाच माणसाचा आहे!" मी उभी राहून ओरडलेच.

"बाई, कव्हरवर नाव छापलंय."

"छापू दे! टेप या हातांनी जोडलीय मी."

आणि सगळं सांगून टाकलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी पहिल्याचा पत्ता नव्हता. माईक कुठे ठेवायचे ते बघायला कंडक्टरने दुसऱ्याला वाजवायला लावलं. मी टेप चालू ठेवली होती, सवयीने. दुपारी पहिला उगवला. अकरा वेळा वाजवलं आणि अकराही वेळा वरच्या सुराला त्याचा हॉर्न फाटला. शेवटी मॅनेजरने सकाळची टेप ऐकली आणि म्हणाला, हीच घाल, आणि तोंड बंद ठेव. मी ब्लेडने तिरका काप दिला आणि जोडली.

"पुरावा?" साहेब.

"दुपारी हॉलचे पंखे चालू होते, सकाळी नव्हते. खाली बारीक घरघर आहे. हॉर्न सुरू झाला की थांबते आणि हॉर्न संपला की परत येते. लावा की!"

लावली. तीस माणसं श्वास रोखून घरघर ऐकत होती. हॉर्न लागताच घरघर थांबली. दीड मिनिटाने परत आली.

"तरीसुद्धा..." साहेबांनी सुरुवात केली.

"तरीसुद्धा काय? मघाशी कुवत नव्हती ना? आता शतकातून एकदा कसा? तुम्ही कान घेऊन येता का नुसतं कव्हर वाचता?"

अशी हौस फिटली म्हणता! मी वळून दादाकडे पाहिलं. त्याची खुर्ची रिकामी होती.

जिन्यावर गाठलं त्याला. "दादा, अरे ऐकलंस ना? तूच होतास तो!"

"तुला माहीत होतं."

"मॅनेजर म्हणाला, बोललीस तर दोघांचीही नोकरी जाईल. मग मॅनेजर गेला, पहिलाही गेला. म्हटलं, आता कशाला. दातापायी तू हॉर्न सोडल्यावर सांगून उगीच तुझा जीव जाळायचा."

"दात?" तो कठड्याला धरून उभा राहिला. "दात-बित काही हलत नव्हता, चिमे. ती रेकॉर्ड आली ना, सहा महिने रोज लावून तसं वाजवायला बघत होतो. जमेना. एखादा सूर जमायचा, पुढचा निसटायचा. म्हटलं, हा माणूस असं वाजवतो, मग आपण कशाला लोकांचे कान खायचे. म्हणून सोडलं."

"मला वाटलं नव्हतं रे..."

"तू शेजारी बसून ऐकायचीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा, चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्याच पलंगावर. आणि मी म्हणायचो, काय वाजवलंय बघ. आणि तू हो म्हणायचीस."

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो सोडवून घेतला आणि एकेक पायरी बघत खाली उतरून गेला.