करड्या रंगातलं फंक्शन

आमच्या ऑफिसात दोन साडू आहेत, थोरले आणि धाकटा. थोरल्यांनी बायकोच्या हट्टापायी धाकट्याला इथे चिकटवून दिलं आणि तेव्हापासून स्वतःची झोप घालवून घेतली.

आमची कंपनी आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवते. कुठली गाडी कुणाकडे जाणार हे ठरवणारा सगळा कोड थोरल्यांनी एकहाती लिहिलेला. तो तपासायचं काम माझं, म्हणजे चुका दाखवायच्या आणि वर बोलणी खायची. या दोघांच्या सासूबाई धाकट्याकडे असतात. त्यांनाही आमचाच सिलिंडर जातो.

थोरले काळ्या, साध्या एडिटरमध्ये लिहितात. धाकटा येताना कोड लिहायला मदत करणारा भलामोठा आयडीई घेऊन आला. हा आयडीई शब्दांना रंग देतो, पुढचा शब्द सुचवतो, कुठलं फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा, कुठून बोलावलं जातं ते दाखवतो. जे कुठूनच बोलावलं जात नाही असं त्याला वाटतं, ते करड्या रंगात दाखवतो.

"आपल्या या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कोड चालवल्याशिवाय कशाचं काय होणार ते कळत नाही," थोरले म्हणायचे. "मग तुझं हे धूड आधीच काय सांगणार?"

"सगळं नाही सांगत, दादा. पण निम्मं तर सांगतं ना?"

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते तुम्हाला विचारेन."

थोरल्यांना हेच नको होतं. मॅनेजरने धाकट्याला सगळा कोड समजून घ्यायला सांगितलं होतं. "माझं डोकं रिकामं करून घेणार आणि मग मला घरी बसवणार," ते माझ्या कानात म्हणाले. मी त्यांना वेड्यात काढलं, पण मलाही राहून राहून वाटत होतंच, की हा इतका गोड का बोलतो?

थोरल्यांची एक खोड होती. फंक्शनचं पूर्ण नाव ते कुठे लिहीतच नसत. 'पाठव' हा शब्द एकीकडे, मागणीचा प्रकार दुसरीकडे, आणि प्रोग्रॅम चालू असताना दोन्ही जोडून नाव तयार. भाषेला ते चालतं. आयडीईला मात्र असं जोडलेलं नाव आधी दिसत नाही.

त्यामुळे तातडीच्या मागणीला गाडी पाठवणारं फंक्शन धाकट्याला करडं दिसलं. तो उठून थोरल्यांच्या टेबलापाशी आला. "दादा, हे वापरात आहे का?"

त्याला दिसू नये म्हणून थोरल्यांनी आधी आपली स्क्रीन तिरकी केली. "तुझा आयडीई काय म्हणतो?"

"नाही म्हणतो."

"मग मला कशाला विचारतोस?"

धाकटा जागेवर गेला आणि त्याने ते उडवलं. आमच्याकडे प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा असतो. हा बदल थोरल्यांकडे गेला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि मंजूर केला. त्यांच्या ओठांवरचं हसू मला अजिबात आवडलं नाही.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"उद्या मॅनेजरसमोर त्याच्या त्या धुडाचं पितळ उघडं पाडतो. बघाच तुम्ही."

मी खोदून विचारायला हवं होतं. पण या दोघांच्या मध्ये पडायचा मला कंटाळा आला होता. मी फक्त रोजच्या मागण्या तपासल्या, त्या बिनबोभाट जात होत्या, आणि होकार देऊन टाकला. मॅनेजरला घाई. त्याने उद्याची वाट न पाहता जेवणानंतर लगेच नवा कोड चालू केला. थोरले तेव्हा गोदामात गेले होते.

ते परत येऊन बसताहेत तोवर धाकट्याचा फोन वाजला. त्याची बायको इतकी ओरडत होती, की मला माझ्या जागेवर ऐकू आलं. "आईचा सिलिंडर संपत आलाय! तातडीची मागणी कधीची टाकलीय, गाडीचा पत्ता नाही!"

मी आधी गोदामाला फोन लावून गाडी पिटाळली. धाकटा आयडीईमध्ये शोधत सुटला. फाइलमागून फाइल, सगळीकडे सगळं ठीक. "काहीच चुकलेलं दिसत नाहीये," तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

थोरल्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी काही विचारलं नाही, काही शोधलं नाही. जुनं फंक्शन होतं तिथे परत बसवलं, आणि अडकून पडलेल्या साऱ्या तातडीच्या मागण्या गाड्यांकडे गेल्या.

धाकटा त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. आपण उडवलेलं फंक्शन त्याने स्क्रीनवर ओळखलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, मॅनेजरला हाक मारणार, याची मला खात्री होती. मी त्याच्या जागी असते तर ऑफिस डोक्यावर घेतलं असतं.

एवढ्यात धाकट्याचा फोन पुन्हा वाजला. गाडी पोचली होती, सिलिंडर लागला होता. "दादांनी केलं दुरुस्त," तो बायकोला म्हणाला. "त्यांना शोधावंही लागलं नाही." पलीकडचं ऐकून त्याने फोन थोरल्यांपुढे धरला.

"आईंना तुमच्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "तुमच्यामुळे जीव वाचला म्हणतायत."

थोरल्यांनी फोन घेतला नाही. धाकट्यानेही हात मागे घेतला नाही. फोनमधून सासूबाईंचा दमलेला आवाज येत होता, "थोरले जावई आहेत ना? ऐकताय ना?"