बाजेवरून पाहिलेली तीन गावं

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे, आणि सगळ्यात आधी मला अश्विनची तक्रार करायची आहे. अकरा दिवस तो माझ्यावर बसला. मांडीवर कॉम्प्युटर, कानात बोंडं, आणि पाय चपलेसकट माझ्या विणीवर. या अकरा दिवसांत त्याने बिऱ्हाड हलवायचं गाव निवडलं. सोबत सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. आणि ज्या गावांतून निवड केली, त्यांतल्या एकाही गावात बाबा उतरून फिरला नाही! चार आण्याचं वांगं घेताना माणूस दाबून पाहतो, देठ पाहतो. हा गाव निवडतो ते पडद्यावर बोट घासून. लाकडाला हसता येत नाही, म्हणून मी गप्प राहिले.

मी कोण म्हणाल, तर मी काही बाजारात विकत मिळालेली नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीपासून बसने अर्ध्या तासावर आमचं गाव आहे. तिथल्या चैतराम सुताराने बिजाच्या लाकडाचे माझे चार पाय केले. ते आजही डुगडुगत नाहीत. माझी वीण घातली तेजरामने, अंबाडीच्या दोरीने, चार संध्याकाळी बसून. त्याच वर्षी मैनाबाई लग्न होऊन त्याच्या घरात आली होती. नव्या नवरीने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "नक्षी चांगली काढली. पण पायथा सैल हाय." तेजरामने मुकाट्याने पायथा उसवला आणि पुन्हा ताणून बांधला. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मैनाबाईने त्याच्या हयातीत त्याचं कौतुक केलं ते असंच, मागे एक 'पण' लावून.

मी खूप काम केलं, मित्रांनो. मैनाबाईचा मुलगा वसंता माझ्यावर जन्मला, त्याच्या पाठच्या दोन बहिणीही. उन्हाळ्यात माझ्यावर मुंगवड्या आणि मोहफुलं वाळली. गावातल्या लग्नांना मी पाहुण्यांसाठी गेले. परत येताना चुकू नये म्हणून माझ्या एका पायावर चुन्याचा ठिपका असे. एका पावसाळ्यात गावातल्या अडलेल्या सीताला चौघांनी माझ्यावर निजवून नाल्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. येताना माझ्यावर दोघं होती, सीता आणि तिचं बाळ. खांदेकरी म्हणाले, वजन वाढलं! त्या दिवशी मला हळदकुंकू लागलं.

मग घरात डबलबेड आला. फोमची गादी, आरसा, खण. मला गोठ्याच्या भिंतीला उभं केलं. कोंबड्या माझ्यावर बसायला लागल्या. दोरी कुजली तेव्हा कुणीतरी निळ्या नायलॉनची पट्टी आणून विणली. ती मला आवडते का, हे कुणी विचारलं नाही. मी नाराज नव्हते. फक्त कोंबड्यांच्या बाबतीत माझं मत वेगळं होतं.

या उन्हाळ्यात वसंताचा मुलगा अश्विन पुण्याहून बायकोपोरांसह आला आणि अंगणात झोपायला मला बाहेर काढलं. बायकोचं नाव प्रियंका, मुलगी समीक्षा, मुलगा अंकित. अश्विनचं काम कुठूनही होतं, फक्त नेट पाहिजे. पुणं सोडून आपल्या जिल्ह्यात यायचं त्यांनी ठरवलंच होतं. काहून सोडायचं, ते मला प्रियंकाच्या तोंडून कळलं. ती आणि मैनाबाई माझ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

एक दिवस शाळेची गाडी लवकर आली. प्रियंका कामावर अडकलेली, अश्विन बाहेर, घराला कुलूप. समीक्षा दोन तास जिन्यात बसून राहिली. तहान लागली होती, लघवीला लागली होती. त्या मजल्यावर आणखी तीन घरं होती आणि तिन्ही घरांत माणसं होती.

"मंग दार काहून नाही वाजवलं पोरीनं?" मैनाबाईने विचारलं.

"तेच विचारलं मी, आजी. म्हणाली, मला त्यांची नावं माहीत नव्हती."

मैनाबाईचा हात सुपात थांबला. त्या दिवसापासून समीक्षा आईच्या ओढणीचं टोक सोडत नव्हती. आमच्या अंगणात आठ पोरं खेळत, ही माझ्या काठावर बसून त्यांच्याकडे पाहत राही. कुणी हाक मारली की ओढणी आणखी घट्ट.

आमच्या गावात राहा, असं मैनाबाई म्हणाली नाही. शाळा पाचवीपर्यंत, नेट रांगत येतं, आणि फोनवर धड बोलायचं तर चिंचेवर चढावं लागतं. तिने स्वतःच सांगितलं, इथे नको. पण अश्विनने बाराव्या दिवशी पडद्यावरचा तक्ता वाचून दाखवला, तेव्हा तिने पदर खोचला.

"बालाघाटची नवी कॉलनी सगळ्यात वर आहे, आजी. बाग हाय, गेट हाय, इंग्रजी शाळेची गाडी दारात येते. मंग लालबर्रा. कटंगी तिसरी."

"त्यात शेजारी कोन हाय, ते लिवलं हाय का?"

"ते कसं लिहीन? अन् तुले तं कटंगीच पाहिजे. आपल्या गावाहून बस हाय ना! तुले जवळ पडते."

हे तिला लागलं. मैनाबाई कुणाकडून काही मागणारी बाई नव्हे. नातवाकडून तर नाहीच. ती उठली आणि म्हणाली, "आपन बाज टाकून पाहू. पयले तुह्या बालाघाटले. एका गावात एक तास. अन् तिन्ही तास मी तोंड उघडनार नाही. झालं समाधान?"

बाज टाकून पाहणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मैनाबाईच्या सासूच्या काळात मुलीचं लग्न ठरवताना बायका घरच्या बैलगाडीत बाज घालून त्या गावी जात. गल्लीत ती टाकून दुपारभर बसत. नवरदेवाचं घर पाहत नसत, गल्ली पाहत. कोण येतं, कोण विचारतं, कोण दाराआडूनच डोकावतं. मैनाबाईने स्वतः दोन्ही मुलींच्या वेळी मला असं नेलं होतं, आणि एक जुळलेलं लग्न मोडून परत आली होती. ते स्थळ आजही तिला शिव्या देतं. मुलगी मात्र शिव्या देत नाही.

अश्विनने मला आपल्या गाडीच्या टपावर बांधायला घेतलं, पाय वर करून. मैनाबाई किंचाळली, "उलटी बाज! कोनी मेलं का रे घरात?" मग गावातल्या राजेंद्रचा छोटा हत्ती टेम्पो बोलावला आणि मी चारी पायांवर, मानाने निघाले.

बालाघाटच्या कॉलनीत मला भाड्याच्या घरासमोर ठेवलं. रस्ता स्वच्छ होता, झाडं एका मापाने कापलेली. मैनाबाई, पोरं आणि प्रियंका माझ्यावर बसली. पाच मिनिटांत गेटवरचा पहारेकरी आला. "माताजी, यहाँ खाट नहीं डाल सकते. सेक्रेटरी साहब का नियम है." मैनाबाईने फक्त मान हलवली. त्याने बिचाऱ्याने तासभराची सूट दिली. त्या तासात चार गाड्या गेल्या. एका गॅलरीतून एका बाईने पाहिलं, हसली आणि पडदा ओढला. वाईट कुणीच वागलं नाही. अंकित झोपून गेला. तास भरला तेव्हा अश्विन म्हणाला, "किती शांत हाय, पाह्यलं?"

मैनाबाईने तोंड उघडलं नाही. तिचे ओठ मात्र सुपारी धरल्यासारखे आवळलेले होते.

लालबर्ऱ्यात सिवनी रस्त्याला लागून घर होतं, समोर राईस मिल. तिथे मी जमिनीला टेकते न टेकते तोच चहावाल्याने पाण्याचा जग आणला. तीन बाया आल्या. कोनाचे तुम्ही, कुठून आले, बाबू एवढा वाळलेला काहून, नोकरी सुटली का? प्रियंकाला हसू आवरेना. मला तर वाटलं, झालं, हेच गाव. पण अंकितने रस्त्यापलीकडे कुत्र्याचं पिल्लू पाहिलं आणि धावला. मैनाबाईने झेप घेऊन त्याच्या चड्डीला धरलं. धानाचा ट्रक हॉर्न वाजवत पुढून गेला. थोड्या वेळाने पोरगं पुन्हा धावलं. माणसं गोड होती, पण घराचा उंबरा रस्त्यावरच उतरत होता. दुसरं रिकामं घर गावात नव्हतं. चहावाला स्वतःच म्हणाला, "बाई, दोन वर्सं थांबा. बाबू मोठा होऊ द्या, मंग या."

शेवटी कटंगी. बाजाराच्या मागच्या गल्लीत, रिकाम्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली, अर्धं ऊन आणि अर्धी सावली. आम्ही बसलो. कुणी आलं नाही.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. एक सायकलवाला घंटी वाजवून गेला, आमच्याकडे पाहिलंही नाही. समोरचं निळं दार अर्धवट उघडं होतं, आत कुणी तरी भांडी घासत होतं. अश्विन घड्याळ पाहत होता. मैनाबाईच्या बांगड्या माझ्या काठावर हळूहळू वाजत होत्या. इतक्या वर्षांत मी ती बाई घाबरलेली पाहिली नव्हती. सीताला नाल्यापार नेलं तेव्हाही नाही. आज घाबरली होती. कटंगी हुकली तर पोरं बालाघाटच्या त्या ओढलेल्या पडद्यांमध्ये जाणार, आणि ती शब्दाने बांधलेली.

"आजी," अश्विन म्हणाला, आणि त्याचा स्वर वाईट नव्हता, "तुह्या परीक्षेत तुही कटंगीच नापास झाली."

"तास व्हायचा हाय," एवढंच ती बोलली.

तेवढ्यात निळं दार पुरतं उघडलं. हातात मोठी परात आणि खांद्यावर धोतराचा फडका घेऊन एक बाई बाहेर आली. तिने रामराम केला नाही, नाव विचारलं नाही. सरळ माझ्यापाशी आली.

"सरका व जरा. माह्या अंगनातलं ऊन गेलं, अन् डाळ वाटून बसली हावो मी." प्रियंका गडबडून उठली. बाईने माझ्या उन्हातल्या अर्ध्या भागावर फडका पसरला आणि बोटांनी भराभर मुंगवड्या टाकायला लागली. टाकता टाकता बोलणं सुरू. ती विमलाबाई. नवरा धानाच्या सोसायटीत. गुडघा दुखतो. हे घर रिकामं आहे खरं, पण नळाला पाणी सकाळी सहालाच येतं, झोपून राहाल तर तहानेनं मराल. मग तिने समीक्षाकडे पाहिलं.

"काय व पोरी, पाय काहून हालवून राह्यली? वड्या पडतीन. हे घे काडी. कावळे हाकल. मी भांडे घासून येतो."

काडी हातात देऊन ती गेलीसुद्धा! समीक्षा काडीकडे पाहत राहिली. काय आहे, मित्रांनो, सहा वर्षांत तिला कुणी अनोळखी माणसाने काम सांगितलं नव्हतं. चॉकलेट दिलं होतं, गाल ओढले होते. काम नव्हतं सांगितलं.

अश्विन रेंज पाहायला रिकाम्या घराच्या गच्चीवर गेला. प्रियंका नळ पाहायला आत गेली, अंकित तिच्या कडेवर. समीक्षाने आत जाणाऱ्या ओढणीकडे एकदा पाहिलं, काडीकडे एकदा पाहिलं, आणि जागेवरून हलली नाही. मैनाबाई मुद्दाम निंबाच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभी राहिली. मुद्दाम, हे मला कळलं. दुसऱ्या कुणाला नाही.

कावळे दोन आले, दोन्ही हाकलले. मग आली शेळी. काळी, कान फाटका, आणि भीड कशाचीच नाही. काडीला ती भ्याली नाही. तिने फडक्याची एक कड तोंडात घेतली आणि ओढली. समीक्षा ओरडली, "ए! जा ना! मम्मी!" आतून आवाज आला नाही. चार वड्या शेळीच्या पोटात गेल्या. पोरगी माझ्यावरून खाली उतरली. गल्ली ओलांडली. निळ्या दारावर दोन्ही हातांनी धडाधडा मारायला लागली, तोंडात शाळेतली हिंदी.

"आंटी! ओ वडीवाली आजी! बकरी खा रही है! आपकी सब वडी खा रही है!"

विमलाबाई राखेचे हात तसेच घेऊन धावत आली. शेळीला एक धपाटा, समीक्षाला एक दटावणी. "अशी राखन करते का? पयलेच बोंबलायचं होतं! नाव काय तुहं?"

"समीक्षा."

"मंग समीक्षा, उद्या पुन्हा टाकतो. सकाळी आठले येजो. काडी नाही, दांडा घेऊन येजो."

"उद्या हम यहाँ थोड़ी रहेंगे," समीक्षा म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "पापा से पूछती हूँ."

आवाज ऐकून प्रियंका दारात आली होती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. अंकित तिचे केस ओढत होता. मैनाबाई अजूनही पाठ करून उभी होती, पण तिचा पदर डोळ्यांकडे गेलेला मी पाहिला.

आता एक सांगते आणि मग मी गप्प बसते. बाज असो की नातं, मित्रांनो, त्याचा पायथा अधूनमधून ताणून बांधावा लागतो, नाहीतर मध्ये झोळ पडतो आणि झोपणाऱ्याची पाठ धरते. घरात जुनी बाज असेल तर तिला गोठ्यात उभी करू नका. गल्लीत टाका. कुणाचं ना कुणाचं काहीतरी वाळायचं असतंच.

अश्विन गच्चीवरून उतरला. त्याने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. फोन समोर धरून तो म्हणाला, "आजी, इथी दोनच काड्या येतात रेंजच्या. बालाघाटले चार होत्या. मीटिंग कशी करीन मी?"

मैनाबाईने आधी माझ्यावर पडलेल्या पिठाचा ठिपका नखाने काढला. शेवटच्या गावाचा तास केव्हाच भरला होता, शब्द सुटला होता. मग ती नातवाकडे वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अश्विन, तू जाय बालाघाटले. चार काड्या घे, गेट घे, कॉलनी घे. नातसून, पोरं अन् बाज इथीच राहतीन. शनिवारी येत जाय पाहुण्यासारखा, आमी चहा देऊ."